रासबेरी नव्हे, रसभरी लावा

रासबेरीचे रोप आपल्या वाशिमकडे जगेल का, असा प्रश्न या पावसाळ्यात तीन भगिनींनी आम्हाला विचारला. एकीने तर चारशे रुपयांचे रोप कुंडीत लावून झाल्यावर विचारले. पाने कडेने करपू लागली आहेत म्हणे. तिला जे सांगितले तेच इथे सर्वांसाठी लिहितो.

लाल रासबेरी हे थंड मुलखाचे झुडूप. तिच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी आठशे तासांहून जास्त हवी असते. ती मिळाली नाही तर काठीवरचे डोळे जागे होत नाहीत, मग फूल कुठले आणि फळ कुठले? थोड्या थंडीवर भागणाऱ्या जाती आहेत, पण आपला मे महिना त्यांनाही सोसत नाही. महाबळेश्वरला रासबेरी मिळते, कारण ते गाव १३७२ मीटर उंचीवर आहे. तिथून येताना फळ जरूर आणावे, रोप आणू नये.

मग मुलांची हौस कशी भागवायची? उत्तर नावातच आहे. रसभरी हा शब्द आम्हाला उर्दूच्या तासाला समजावून सांगावा लागत नाही आणि मराठीच्याही नाही. पण उर्दू-हिंदीत ज्याला रसभरी म्हणतात ते फळ रासबेरी नव्हेच. ते वांगी-टोमॅटोच्या कुळातले, कागदी पिशवीत बसलेले सोनेरी, आंबटगोड फळ. मूळचे दक्षिण अमेरिकेतले. आफ्रिकेच्या केप भागात त्याची लागवड झाली, म्हणून इंग्रजीत केप गूजबेरी. आपल्या बांधावरची चिरबोटी, जिला कुठे फोपटी म्हणतात, ती हिचीच धाकटी बहीण.

ती धाकटी बहीण आता दिसेनाशी होत चालली आहे. सोयाबीनमध्ये तणनाशक फवारले की तणाबरोबर तीही जाते. पूर्वी आमच्या वर्गात फोपटी न खाल्लेले पोर सापडत नसे. आता विचारले तर मोजकेच हात वर होतात. फवारलेल्या शेतातले फळ मुलांना खाऊ देऊ नका, हे तर सांगावेच लागते. पण नुसते ‘खाऊ नका’ म्हणून मुलाच्या हाती काय येते? झाडाखालून फळ उचलून तोंडात टाकण्याची मजा त्याला अंगणात तरी मिळावी. रसभरी लावा असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

बी विकत मिळते. नाही तर शहरातून चार पिकलेली फळे आणा, कुस्करून पाण्यात धुवा आणि बी सावलीत वाळवा. बी खसखशीसारखे बारीक असते, त्यावर मातीचा अगदी पातळ थर पुरे. जुलै-ऑगस्टमध्ये टाकलेले रोप सप्टेंबरात लावण्याजोगे होते. दोन रोपांत तीन फूट अंतर ठेवा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात, म्हणून सपाट जमिनीत न लावता उंच वरंब्यावर लावा. मागच्या वर्षी जिथे वांगी, टोमॅटो किंवा मिरची होती ती जागा टाळा, त्यांचे रोग हिलाही लागतात. शेणखत बेताचे द्या आणि युरिया देऊच नका. दिला तर झाड हिरवेगार होईल, शेजारीण कौतुक करील, फळ मात्र मोजकेच लागेल. फांद्या ठिसूळ असतात, काठीला जुन्या ओढणीच्या चिंधीने सैल बांधाव्यात.

फुलापासून फळ पिकायला सत्तर-ऐंशी दिवस लागतात. तेवढा सब्र मुलांना शिकवावा, कारण यात धोकाही आहे. हिची हिरवी फळे आणि पाला विषारी असतो. घरात एकच नियम ठेवा: तोडायचे नाही, खाली पडलेले उचलायचे. पिशवी वाळून गवतासारखी पिवळी आणि आतले फळ सोनेरी झाले तरच खायचे. पिशवीला छिद्र दिसले तर आत अळी असणार, ते फळ फेकून द्या.

बहार साधारण जानेवारी ते मार्च. सध्या रमजान थंडीच्या शेवटाकडे येतो आहे, त्यामुळे इफ्तारच्या ताटात खजुराशेजारी घरची रसभरी ठेवता येईल. पिशवीसकट परडीत, कोरड्या जागी ठेवली तर काही आठवडे टिकते. जास्त निघाली तर मुरंबा करा, चांगला घट्ट होतो.

एप्रिलमध्ये ऊन चढले की फूल धरत नाही. तेव्हा झाड खुशाल उपटा. टँकरच्या पाण्यावर ते जगवण्याचा हट्ट धरू नये, घरातल्या माणसांचा त्या पाण्यावर आधी हक्क आहे. त्यापूर्वी सर्वांत मोठ्या चार फळांचे बी काढून कागदाच्या पुडीत ठेवा. चार फळांतून मोहल्ल्याला पुरेल एवढे बी निघते.