बीपी विचारलं, बाकीचं राहून गेलं

मागच्या वर्षी अब्बांना स्टेंट बसला. जळगाव जामोदहून गाडी करून अकोल्याला, अँजिओप्लास्टी, आणि आठवड्याच्या आत परत घरी. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. अशा वेळी मला जे येतं ते मी केलं, म्हणजे एक एक्सेल शीट बनवली. सकाळ-संध्याकाळचा बीपी, गोळ्या, वजन, चाललेली पावलं. त्यात लाल-हिरवे रंगसुद्धा भरले.

मग घरात बंदीची यादी तयार झाली. दुकानात जायचं नाही. लग्नाला जायचं नाही. जिना चढायचा नाही. कोणाच्या मौतीची खबर त्यांच्या कानावर घालायची नाही. चाळीस वर्षं टेलरिंग केलेला माणूस, रमजानच्या शेवटच्या दिवसांत रात्री दोनपर्यंत मशीन चालवणारा, तो दिवसभर पलंगावर बसून पंख्याकडे बघू लागला. फोनवर बोलणं आखूड होत गेलं. एकदा मी रोजचा प्रश्न विचारला, तर म्हणाले, "एक सौ तीस, अस्सी. और कुछ पूछना है?"

खरं सांगायचं तर माझ्याकडे दुसरा प्रश्न नव्हता.

बकरीदला घरी गेलो तेव्हा अम्मीनं सांगितलं की ते रात्रीतून तीन-तीन वेळा उठून बसतात. दुसरा झटका झोपेत येईल अशी त्यांना भीती वाटते. तपासणीला आम्ही नियमित जात होतो. रिपोर्ट चांगले होते. पण मनाचं काय, हे ना तिथे कोणी विचारलं, ना घरी मी.

नंतर वाचायला लागलो. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या साधारण पाचांतल्या एकाला गंभीर नैराश्य येतं. असा माणूस गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो. २००४ साली ५२ देशांतला 'इंटरहार्ट' अभ्यास प्रसिद्ध झाला. मूळचे केरळचे डॉ. सलीम युसूफ त्याचे प्रमुख होते. हार्ट अटॅकच्या नऊ मुख्य कारणांत तंबाखू, बीपी, मधुमेह यांच्या सोबतीला मानसिक ताणही होता. याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. तुमच्या अब्बांचं, मामूंचं वय आठवून बघा.

अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२१ मध्ये अधिकृत निवेदनच काढलं: नैराश्य आणि चिंता हृदयाला अपायकारक, तर आशा, कृतज्ञता, जगण्याला हेतू असणं यांचा संबंध चांगल्या तब्येतीशी. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डॉ. जेफ हफमन हृदयरुग्णांना आठवड्याला एक साधं काम देतात. कोणाचे तरी आभार मानणारं पत्र लिहा, आपली एखादी हातोटी वापरा, कोणासाठी तरी काही करा, आणि मग फोनवर त्याबद्दल बोला. छोट्या चाचण्यांत रुग्णांचं मन थोडं हलकं झालं, हालचाल वाढली. यानं दुसरा झटका टळतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तसं कोणी पाठवलं तर पुढे ढकलू नका, आणि गोळ्या तर अजिबात बंद करू नका.

आपल्या विदर्भातलं उदाहरण म्हणजे गडचिरोलीत 'सर्च' संस्था चालवणारे डॉ. अभय बंग. त्यांना चाळिशीतच हृदयरोग झाला. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात ते फक्त तेला-मिठाचा हिशेब मांडत नाहीत. आपली घाई, आपला ताण, माणसांशी असलेलं आपलं नातं, हेही तपासतात. स्वतः डॉक्टर असलेल्या माणसाला हे नव्यानं शिकावं लागलं. मी तर इंजिनियर.

माझं भांडण आहे ते आपल्या "पॉझिटिव्ह रहा"शी. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "सब्र करो, शुक्र करो, जान बच गई." हेतू चांगला, पण परिणाम असा की अब्बांना भीती बोलूनच दाखवता येईना. घाबरलो म्हटलं तर ईमान कमी पडलं असं वाटणार. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब मुलासाठी इतके रडले की डोळे पांढरे झाले, आणि उत्तम सब्राची गोष्टही त्यांच्याच तोंडी आहे. रडणं आणि सब्र एका माणसात राहू शकतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि आजारी माणसाच्या खाटेजवळ विसरतो.

डॉक्टरांना विचारून आम्ही बंदी उठवत गेलो. आता ते रोज दोन तास दुकानात बसतात. मशीन कमी, कटिंग जास्त, आणि मोहल्ल्यातल्या दोन पोरांना कटिंग शिकवणं. त्यांच्यावर ओरडतात पण. अम्मी घाबरते, मी खूश होतो. वाईट दिवस अजूनही येतात. छातीत दुखलं तर "टेन्शन असेल" म्हणून थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा, हेही ठरलं आहे.

आपण गावोगाव बीपी-शुगरची शिबिरं घेतो. त्याच टेबलावर आणखी दोन प्रश्न विचारता येतील. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं झालं का? उदास, निराश वाटलं का? जगभर डॉक्टर हेच दोन प्रश्न पहिल्या चाळणीसाठी वापरतात. उत्तर "बऱ्याचदा" आलं तर त्या माणसाला डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं. हृदयरुग्णांना चालतील अशी नैराश्यावरची औषधं आहेत, फक्त ती डॉक्टरांनीच द्यायची. आणि सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

अम्मीनं तो नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. अब्बांनी अजून लावलेला नाही. एका रात्री पुण्यातून मीच लावला.