शेतकऱ्याच्या तोंडची जाहिरात



यंदाच्या जिल्हा मेळाव्याची तयारी चालू असताना पिकाचे टॉनिक विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस आमच्याकडे आला. मंडप, माइक आणि जेवणाचा सगळा खर्च कंपनी करायला तयार होती. बदल्यात मागणे लहानच होते. आमच्यापैकी दहा जणांनी आपापल्या शेतात उभे राहून दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा, 'मी ही बाटली फवारली आणि एवढा फरक पडला' असे सांगायचे आणि तो गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. पैसे मिळाले हे कुठे बोलायचे नाही. बाटली फवारली नसली तरी चालेल, हेही त्याने हसत हसत सांगितले.

बैठकीत यावर दोन तास वाद झाला. बाजूने बोलणारे काही लबाड नव्हते. त्यांचे म्हणणे रोखठोक होते: वर्गणीतून मंडपाचे भाडे निघत नाही. नट जाहिरात करतो, क्रिकेटपटू करतो, त्यांना कोणी जाब विचारत नाही. मग कापसाला भाव न मिळालेल्या पोराने एका व्हिडिओवर चार पैसे मिळवले, तर त्यालाच नीतीचे धडे का?

प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे.

जाहिरातीला आमचा विरोध नाही. नवे बियाणे, नवे औषध, नवे अवजार आले तर ते शेतकऱ्याला कळलेच पाहिजे. खुला बाजार मागणाऱ्यांनी विकणाऱ्याचे तोंड बांधा म्हणणे शोभत नाही. पण नट पडद्यावर बोलतो तेव्हा त्याने पैसे घेतलेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. शेतकरी बांधावरून बोलतो तेव्हा ऐकणारा त्याला शेजारी समजतो. कंपनी विकत घेते ती ही शेजारधर्माची पत. आपल्या मालाला भाव नाही, पण आपल्या शब्दाला अजून आहे. आणि शब्द एकाने विकला तरी पत सगळ्यांची जाते.

पत गेली म्हणजे काय होते, ते आपण २०२० साली पाहिले. कोरोना देशात नुकता शिरत होता. कोंबडी खाल्ल्याने हा रोग होतो, असा मजकूर फेब्रुवारीत मोबाइलवरून फिरू लागला. कोंबडीचा या रोगाशी संबंध नाही, असे केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने सांगितले. २८ फेब्रुवारीला हैदराबादेत तेलंगणच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर कोंबडी खाऊन दाखवली. गिऱ्हाईक काही फिरकले नाही. महाराष्ट्रात जिवंत कोंबडीचा भाव उत्पादन खर्चाच्या कितीतरी खाली कोसळला, काही ठिकाणी पिल्ले नष्ट करावी लागली. मजकूर पुढे ढकलणाऱ्याचे एक पैशाचे नुकसान झाले नाही, बुडाला तो पोल्ट्रीवाला. आणि आमच्यापैकीही काहींनी तो मजकूर पुढे ढकलला होता, हे कबूल केले पाहिजे.

ती अफवा फुकट पसरली. पैसे घेऊन पसरवलेल्या खोट्याचा हिशेब याहून वाईट असणार.

कायदा याबाबत मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्यावर वर्षभराची बंदीही येऊ शकते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने स्पष्ट केले की, समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्याने पैसे, फुकट माल, सहल किंवा सवलत यांपैकी काहीही घेतले असेल तर ते ठळकपणे सांगितले पाहिजे. शेतकरी हा ग्राहक आहे काय, हा वादही उरलेला नाही. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याला ग्राहक मानले. टॉनिकाचे म्हणाल तर जैव-उत्तेजके फेब्रुवारी २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. बाटली मंजूर आहे काय, हे दुकानदाराला विचारण्याचा आपल्याला पुरता हक्क आहे.

पण कायद्याची तारीख लागेपर्यंत हंगाम थांबत नाही. वाया गेलेली फवारणी निकालाने परत येत नाही. म्हणून पहिला बंदोबस्त आपणच केला पाहिजे. मेळाव्यापुढे आम्ही चार गोष्टी मांडणार आहोत.

एक, कार्यकर्त्याने पैसे घेऊन शिफारस केली तर व्हिडिओच्या पहिल्याच वाक्यात मराठीत तसे सांगावे. पैसे घेणे गुन्हा नाही, लपवणे आहे. दोन, फरक पडला म्हणायचे असेल तर त्याच शेतातल्या न फवारलेल्या चार ओळी शेजारी दाखवाव्यात आणि बाटलीचा खर्च सांगावा. तीन, तारीख आणि गाव नसलेला फोटो किंवा भाव पुढे पाठवू नये. चार, हाच नियम संघटनेलाही लागू. गेल्या वर्षी आमच्याच एका ग्रुपवर दुसऱ्या राज्यातल्या मोर्चाचा फोटो आपला म्हणून फिरला. एका वार्ताहराने तो ओळखला, आणि खऱ्या मोर्चाची बातमीही छापली गेली नाही. हजार माणसे आली तर हजारच सांगावीत. सरकारी आकड्यांना खोटे म्हणणाऱ्यांचे स्वतःचे आकडे खरे असले पाहिजेत.

कंपनीला आम्ही नाही कळवले आहे. बाटली चांगली असेल तर तिच्या माणसाने मेळाव्यात उघडपणे यावे, आपल्या नावाने बोलावे आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत. त्याला वेळ देऊ.

यंदा मंडप नसेल. बाजार समितीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली बसायचे आहे. भाकरी ज्याची त्याने बांधून आणावी.