फार्महाऊसवाला मिळाला!

"अर्जंट! शेल्टर फुल्ल झालंय. बारा कुत्र्यांना रविवारपर्यंत घर हवंय. प्लीज प्लीज फॉरवर्ड करा."

हा निरोप तुम्हालाही येत असणार. सोबत फोटो. जाळीला नाक लावून बसलेलं एखादं लॅब्रॅडॉर, दोन-तीन गावठी पिल्लं आणि कोपऱ्यात अंग चोरून पडलेली एक म्हातारी कुत्री. या निरोपावर माझा काडीचा राग नाही. जी पोरं-पोरी नोकरी सांभाळून शेल्टरमधले पिंजरे धुतात, खरूज झालेल्या कुत्र्याला उचलून डॉक्टरकडे नेतात, त्यांच्याबद्दल वाकडं बोलायची माझी लायकी नाही. माझा राग आहे तो दोन दिवसांनी येणाऱ्या उत्तरावर. "गुड न्यूज! जव्हारला फार्महाऊसवाला मिळाला! पाच जण गेले. मोकळं रान, ताजी हवा!" आणि त्याखाली नमस्काराच्या हातांची रांग.

आता जव्हार हे माझं गाव. नोकरीसाठी ठाण्यात असलो तरी महिन्या-दोन महिन्यांनी वाडा-विक्रमगडच्या रस्त्याने घरी जातो. त्यामुळे ही पाच कुत्री "गेली" म्हणजे नेमकी कुठे गेली हे मला दिसतं. फॉरवर्ड करणाऱ्यांना दिसत नाही. म्हणून हे लिहितोय.

जव्हार-मोखाड्याकडची फार्महाऊसं म्हणजे काय चीज असते ते आधी सांगतो. तारेचं कुंपण, लोखंडी गेट, एक बंगली, दहा-बारा आंब्याची कलमं. (आदिवासी तालुक्यात ही जमीन बाहेरच्यांना मिळते कशी, हा वेगळा लेख होईल. असो.) मालक पावसाळ्यात धबधबे बघायला येतो, थर्टीफर्स्टला येतो, मधे एखादा लाँग वीकेंड. बाकीचे तीनशे दिवस तिथे कोण असतं? पाड्यावरचा एखादा वारली किंवा कोकणा गडी आणि त्याची बायको. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर मिळेल तर. म्हणजे "फार्महाऊसवाल्याने कुत्रा दत्तक घेतला" याचा अर्थ त्या गड्याच्या पदरात अजून एक तोंड पडलं. त्याला कुणी विचारलेलं नसतं. सुरुवातीला एक डॉग फूडची पिशवी दिलेली असते. ती संपली की नागलीच्या भाकरीतला तुकडा.

असाच एक काका मला गेल्या वर्षी म्हणाला, "शेट कुत्रा देऊन गेला. भाकर कोण देणार ते नाय सांगितलं."

याच्यापुढे खरं तर मी काही लिहायची गरज नाही. पण लिहितो, कारण पुढची गोष्ट शहरात कुणाच्या डोक्यातही येत नाही. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे व्हायला लागतात. भातकापणी आटोपली की घरं कुलूपबंद, आणि माणसं पोराबाळांसकट भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर नाहीतर बांधकामावर. होळीला चार दिवस परत येतात (होळी हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा सण), मग पुन्हा जातात ती पाऊस तोंडावर आला की परततात. माणसांच्याच पोटाची ही तऱ्हा आहे. रखवालदार गडी भट्टीवर गेला तर त्या पाच "लकी" कुत्र्यांना जानेवारीत कोण घालतं? कुणीच नाही. ती गेटखालून बाहेर पडतात, जव्हारच्या एसटी स्टँडवर येतात, आश्रमशाळेच्या खरकट्यावर जगतात. म्हणजे ठाण्याच्या रस्त्यावरचं कुत्रं शेल्टर, ट्रान्सपोर्ट, देणगी असा सगळा प्रवास करून जव्हारच्या रस्त्यावर आलं. नकाशावर जागा बदलली, बास.

सगळीच काही स्टँडपर्यंत पोचत नाहीत. आमच्याकडे बिबट्या आहे. वाघोबाची ठाणी रानात अजून पुजली जातात ती उगीच नाहीत. सह्याद्रीच्या पलीकडच्या बाजूला अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. त्यात बिबट्यांनी खाल्लेल्या भक्ष्यात वजनाने तब्बल ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. पाड्यावरच्या कुत्र्याला निदान वास तरी कळतो, तो वेळेत घराच्या पडवीत शिरतो. फ्लॅटच्या सोफ्यावर वाढलेलं, गेटला साखळीने बांधलेलं लॅब्रॅडॉर काय करणार? साखळीत अडकवून रात्री उघड्यावर ठेवलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट.

गैरसमज नको. पाड्यावर कुत्र्याचा दुस्वास असतो असं मी अजिबात म्हणत नाहीये. वारली चित्रं बघा, त्यांत माणसांच्या पायाशी कुत्री दिसतील. पाड्यावरचं कुत्रं एका घराचं असूनही सगळ्या पाड्याचं असतं, शेतावर जातं, गुरांमागे जातं, अनोळखी माणूस आला की आधी तेच बोलतं. तिथे कुत्र्यांची वानवा नाहीच. प्रत्येक पाड्यावर आपापली टोळी आहे, तिची हद्द आहे, आणि बाहेरून आलेल्या कुत्र्याला ती टोळी फाडते. 'मोकळं रान' असं काही नसतं हो. रान ऑलरेडी ऑक्युपाइड असतं.

आणि माणसं चावली जातात त्याचं काय? रेबीजच्या लसीचं वेळापत्रक असतं दिवस ०, ३, ७ आणि २८ (शून्यापासून मोजणारे आम्हा प्रोग्रामरखेरीज हे दुसरे). मोखाड्याच्या आतल्या पाड्यावरून चार वेळा दवाखान्यात जायचं म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडाली. चावा खोल असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागतं, आणि ते जवळ मिळालं नाही की नाशिक नाहीतर ठाणे. दुसरा-तिसरा डोस चुकवून माणूस भट्टीवर निघून जातो. रेबीज एकदा अंगात उठला की त्यावर औषध नाही. ही जोखीम शहराच्या भूतदयेच्या हिशोबात कुठल्या कॉलममध्ये लिहिलेली असते?

मला हे सगळं एका जुन्या सवयीचा भाग वाटतं. मुंबईला पाणी लागतं, तर मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला वैतरणेवर मध्य वैतरणा धरण होतं. २०१४ पासून रोज ४५.५ कोटी लिटर पाणी मुंबईकडे जातं, आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. जे हवं ते इथून न्यायचं, आणि जे जास्त झालं ते इथे आणून सोडायचं. कालपर्यंत जादा झालेली माकडं आणि साप आणून सोडत होते, आता कुत्री.

आता तुम्ही म्हणाल, टीका सोपी आहे, शेल्टर भरलंय त्याचं काय करायचं? बरोबर प्रश्न आहे. थोडा हिशोब करू. आमच्या क्षेत्रात रांगांचा एक साधा नियम वापरतात: रोज किती येतात गुणिले प्रत्येक जण किती दिवस राहतो, बरोबर आत किती असणार. समजा शेल्टरमध्ये रोज दोन कुत्री येतात आणि प्रत्येकाला घर मिळायला पन्नास दिवस लागतात, तर आत शंभर असणार. घर मिळायला दीडशे दिवस लागले तर तीनशे. पिंजरे वाढवून हा आकडा बदलत नाही, बदलायचा तर येणारी कमी करा किंवा घरं खरी आणि लवकर शोधा. फार्महाऊस यातलं काहीच करत नाही. मेमरी लीक झालेला प्रोग्रॅम रोज रात्री रीस्टार्ट करून "चालतोय की!" म्हणणारे मॅनेजर मी पाहिलेत, त्यातलाच हा प्रकार.

येणारी कुत्री कुठून येतात? एक धार पिल्लांची. भाद्रपदात काय चालतं ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. त्यानंतर साधारण त्रेसष्ट दिवस मोजा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाला पिल्लंच पिल्लं. अर्जंटचे निरोप नोव्हेंबर ते जानेवारीत का वाढतात त्याचं उत्तर सप्टेंबरात न झालेल्या नसबंदीत आहे. दुसरी धार विकतच्या कुत्र्यांची. २०१७ च्या नियमांनुसार कुत्री पैदास करून विकणाऱ्याला राज्याच्या मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पण विचारतो कोण? लॉकडाऊनमध्ये घेतलेले हस्की ऑफिसं उघडल्यावर कुठे गेले ते शेल्टरवाल्यांना विचारा. आणि तिसरी धार कोर्टाच्या आदेशांनंतरची. २०२५ च्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हटलं. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने ते बदललं: नसबंदी, लसीकरण करून जिथून उचललं तिथेच सोडा, पिसाळलेली आणि हिंसक सोडून. मग ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळं, क्रीडासंकुलं, बसस्टँड आणि रेल्वे स्थानकांतली कुत्री काढा आणि परत तिथे सोडू नका, असा देशभरासाठी आदेश झाला. काढायला सांगणं एका ओळीचं काम. ठेवायची कुठे? जव्हारसारख्या छोट्या नगरपरिषदेने स्टँडवरची आणि दवाखान्यातली कुत्री काढली तर ती कुठे नेणार? त्यात ठाणे-मुंबईची भर घालायला आपण निघालोय.

पण त्या २२ ऑगस्टच्या आदेशात एक फार कामाची गोष्ट आहे आणि ती कुणी फॉरवर्ड करत नाही. कुणालाही पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेता येतं. त्याला टॅग लागतो, ते अर्जदाराच्या नावावर चढतं, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्या माणसाची. नाव! नेमकं हेच फार्महाऊसच्या 'घरा'त नसतं.

"मग काय मारायची का?" हा प्रश्न येणारच. नाही. तो प्रयोग मुंबईने करून झालाय. कुत्री मारण्यावरून १८३२ साली मुंबईत पारशांनी दंगल केली होती, आणि तरी महापालिका १९९४ पर्यंत दरवर्षी हजारोंनी कुत्री मारतच होती. संपली का? मारणं बंद करून नसबंदी धरली त्यानंतरचे आकडे बघा: २०१४ च्या गणनेत मुंबईत ९५,१७२ भटकी कुत्री होती, २०२४ मध्ये ९०,७५७. जादू नाही झाली. पण दहा वर्षांत शहर एवढं पसरूनही आकडा वाढला नाही. २०२३ चे नियम ही जबाबदारी ग्रामपंचायतींपर्यंत सगळ्या स्थानिक संस्थांवर टाकतात. जव्हार-मोखाड्याला पाठवायचंच असेल तर कुत्री नको, नसबंदीची गाडी पाठवा. भाद्रपदाच्या आधी.

आणि घरं? घरं शहरातच आहेत, तुमच्या-माझ्या बिल्डिंगमध्ये. सोसायटीने पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही हे भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केलंय, तेव्हा सेक्रेटरीला घाबरू नका. पिल्लाऐवजी नसबंदी झालेलं, दोन-तीन वर्षांचं गावठी कुत्रं न्या. त्याचा स्वभाव कळलेला असतो, ते गादी फाडत नाही. आधी पंधरा दिवस सांभाळून बघा, मग ठरवा.

शेल्टरवाल्यांना मात्र एकच विनंती. तुमच्या दत्तक फॉर्मवर उत्पन्न, बाल्कनीची जाळी, आधीचे पाळीव प्राणी, सगळं विचारता. अजून एक रकाना वाढवा: दिवाळी ते होळी या कुत्र्याला रोज खायला कोण घालणार, त्या माणसाचं नाव, फोन आणि सही. मालकाची सही चालणार नाही.