चाऱ्याचा मांडव वळवात टिकला पाहिजे

बीड जिल्ह्यात मातीविना शेती आली ती दुष्काळात, वैरणीच्या ओढीपायी. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या वर्षांत कडबा परवडेना, छावण्यांत जागा पुरेना, तेव्हा मराठवाड्यातल्या अनेक पशुपालकांनी गोठ्याशेजारी बांबूचा मांडव घातला, त्यावर शेडनेट ताणली आणि प्लास्टिकच्या ट्रेमध्ये मका उगवायला सुरुवात केली. बी रात्रभर भिजवायचं, गोणपाटात बांधून मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरायचं आणि फॉगरने थोड्या थोड्या वेळाने पाणी मारायचं. आठवड्याभरात एक किलो मक्यापासून सहा ते आठ किलो हिरवा चारा मिळतो. लागतं ते शेतातल्या चाऱ्याच्या मानाने फारच थोडं पाणी.

हा मांडव सर्वांत जास्त उपयोगी पडतो एप्रिल-मे महिन्यांत. वळीवही तेव्हाच येतो. दुपारभर उन्हाची काहिली, चार-पाचच्या सुमाराला आभाळ भरून येतं आणि अर्ध्या तासात नेट फाटून शेजारच्या बाभळीवर लटकते. तरीही मांडव उभारायचा कसा हेच सगळीकडे शिकवलं जातं. वादळात तो सांभाळायचा कसा, हा विषय प्रशिक्षणात नसल्यातच जमा आहे. ही उणीव आता भरून काढली पाहिजे.

वाऱ्याचं गणित कठोर असतं. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी तीस किलोमीटरच्या वाऱ्यात खुशाल उभा असलेला मांडव साठच्या झोतात मुळासकट उपटतो. म्हणून वादळाचा इशारा आला की नेट घट्ट आवळत बसू नये, ती काढून गुंडाळून ठेवावी. तारेने कायमची जखडण्यापेक्षा सुटसुटीत दोरीने किंवा क्लिपांनी बांधलेली नेट दोन माणसं दहा-पंधरा मिनिटांत उतरवू शकतात. नेट गेली की वारा सांगाड्यातून आरपार जातो आणि बांबू वाचतात. पत्र्यावर दगड ठेवायची आपल्याकडची जुनी सवय मात्र सोडायलाच हवी. उडालेल्या पत्र्याबरोबर तो दगडही उडतो, आणि खाली माणसं-जनावरं असतात. पत्रा हुकनेच आवळावा.

चाऱ्याची एक मोठी सोय मात्र कुणी फारशी वापरत नाही. पाचव्या दिवसापर्यंत मुळं एकमेकांत गुंतून ट्रेमध्ये सतरंजीसारखा थर तयार झालेला असतो. पूर्ण वाढीची वाट न पाहता तो उचलून दावणीला टाकता येतो. वजन थोडं कमी भरेल, पण चारा चिखलात जाणार नाही. कोवळे ट्रे घरात किंवा गोठ्यात जमिनीवर उतरवावेत. वरच्या फळ्यांवर काहीच ठेवू नये.

वादळ सरलं तरी वीज लगेच येत नाही. खांब पडतात, डीपी जळते आणि फॉगर बंद पडतो. अशा वेळी झारी किंवा पाठीवरचा फवारणी पंप कामाला येतो. तणनाशक मारलेला पंप मात्र चुकूनही वापरू नये. ओल आणि कोंदट हवा यांनी बुरशी धरली, तर तो ट्रे निर्दयपणे फेकून द्यावा. बुरशीच्या चाऱ्याने जनावराला विषबाधा होऊ शकते.

गच्चीवर पाइपांमधून भाजी घेणाऱ्यांची अडचण वेगळी. वाहतं पाणी थांबलं की उन्हाळ्यात मुळं काही तासांत सुकतात, म्हणून पाइपांना शेवटाकडे थोडी उंची देऊन आत पाणी साठून राहील असं करावं. खताच्या टाकीला झाकण हवंच, नाहीतर पावसाच्या पाण्याने द्रावण पातळ होतं. विजा कडाडत असताना पंप बंद करायला कुणीही गच्चीवर जाऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते प्रत्येक घरात असायला हवं.

आता सरकारकडे वळू. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने रब्बी झोपवला, सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणा आणि गोदावरीचं पाणी शिवारात घुसलं. दोन्ही वेळा मदत मोजली गेली ती हेक्टरात. आपत्ती निवारणाच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये होते, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये होते. दहा बाय पंचवीस फुटांचा चाऱ्याचा मांडव हेक्टरात बसत नाही आणि गोठ्यातही धरला जात नाही. ज्याच्याकडे जमीन थोडी किंवा मुळीच नाही, पण दोन म्हशींवर घर चालतं, त्याचं नुकसान पंचनाम्यात उमटतच नाही. हा अन्याय आहे. गोठ्याच्या रकान्यातच मांडवाची नोंद घ्यायला तलाठ्याला सांगितलं तरी पुष्कळ होईल.

जिल्ह्यात अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातल्या खामगावला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान सल्ला येतो. त्या सल्ल्यात सोयाबीन, कापूस, मोसंबीच्या जोडीला एप्रिलपासून जूनपर्यंत दोन ओळी चाऱ्याच्या मांडवासाठीही असाव्यात: नेट आज उतरवायची की नाही, आणि तयार ट्रे आजच खाऊ घालायचे का.