लाथ एकाला, निर्णय तिघांचा

प्रति,
सातारा व सांगली जिल्हा तालीम संघ, तसेच राज्य कुस्तीगीर संघ आणि कुस्तीगीर परिषद यांचे पदाधिकारी



२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेत निकालावरून पैलवान शिवराज राक्षेने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. तीन वर्षांची बंदी झाली. शिवीगाळीबद्दल महेंद्र गायकवाडवरही तेवढीच. पण विषय मिटलेला नाही. आपल्या सांगलीचे डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील तर म्हणाले, लाथ कसली, गोळ्या घालायला हव्या होत्या! २००९मधल्या स्वतःच्या कुस्तीच्या निकालाची सल त्यांना अजून आहे. ती खरीही असेल. मात्र पैलवान इतकी वर्षं राग उराशी बाळगतो, तेव्हा दाद मागायला विश्वासाची जागा नव्हती, असंच मी समजतो.

गादीवर रेफरी, जज आणि मॅट चेअरमन असे तिघे असतात. चितपट एकटा रेफरी ठरवत नाही, दुसऱ्याची संमती लागते. लोकांना दिसतो तो शिट्टीवाला. शिव्या त्यालाच, धमक्याही त्यालाच. २०२३ला पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीतल्या चार गुणांवरून पंचाला फोनवर धमकी आली, प्रकरण पोलिसांत गेलं. तिघांचा कौल माईकवरून सांगायला, वादाचा डाव तिथल्या तिथे मोठ्या पडद्यावर दाखवायला असा कितीसा खर्च येतो? थार गाडी इनाम देणाऱ्यांना तो जड जाऊ नये.

पैशाचंही बोलतो. २०२२ला साताऱ्यात महाराष्ट्र केसरी ठरलेल्या पृथ्वीराज पाटीलने गदा मिळाली पण रोख बक्षीस नाही, ही खंत बोलून दाखवली. लोक हळहळले, ते रास्तच. पंचांचं मानधन किती, हातात कधी पडतं, हे कुणी विचारलं? जत्रेच्या मैदानात फेटा-नारळावर भागतं, तिथे पंच गावचाच जुना पैलवान असतो. राज्य स्पर्धेत दिवसभर उभ्या असलेल्या माणसाची तशी बोळवण चालणार नाही.

त्यात संघ आणि परिषद अशी तुमची भाऊबंदकी. नोव्हेंबर २०२३मध्ये फुलगावात एक महाराष्ट्र केसरी, धाराशिवला दुसरा. एकाचा पंच दुसऱ्याला संशयित ठरायला कितीसा वेळ लागतो?

पंच चुकला तर जरूर चौकशी करा, पण त्याचं म्हणणं लेखी घ्या आणि अहवाल जाहीर करा.

२०२३लाच सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. आखाड्यातल्या एखाद्या मुलीला उद्या पंच व्हावंसं वाटलं, तर तिच्या घरच्यांना तुम्ही काय सांगणार, तेवढं कळवा.

आपला,
एक कुस्तीशौकीन, कराड