कार्तूस साहेबांची दुसरी कामगिरी

मेजर जनरल इयान कार्डोझो हे नाव निघाले की एकच प्रसंग सांगितला जातो: सुरुंगाने चिंधड्या झालेला स्वतःचा पाय त्यांनी खुकरीने तोडला. प्रसंग खरा आहे. पण तो घडला तेव्हा ते अवघे ३४ वर्षांचे होते. पुढच्या पन्नास वर्षांत त्यांनी जे उभे केले, विशेषतः लेखक आणि व्याख्याता म्हणून, त्याची दखल मराठी वाचकांनी फारशी घेतलेली नाही.

कार्डोझो मूळ मुंबईचे. जन्म १९३७ चा. शाळा आणि कॉलेज दोन्ही सेंट झेवियर्स. तिथून ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेले. प्रबोधिनीचे सुवर्ण आणि रौप्य ही दोन्ही पदके एकाच छात्राने पटकावली ती पहिल्यांदा त्यांनीच. पुढे ते पाचव्या गोरखा रायफल्समध्ये दाखल झाले. गोरखा जवानांच्या तोंडी ‘कार्डोझो’ काही बसेना. त्यांनी साहेबांचे ‘कार्तूस’ करून टाकले आणि तेच नाव पलटणीत रूढ झाले.

१९७१ चे युद्ध पेटले तेव्हा ते वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकत होते. त्यांच्या रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे उपप्रमुख लढाईत धारातीर्थी पडले आणि त्यांच्या जागी कार्डोझो यांना धाडण्यात आले. बटालियनचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुण हरोलीकर; या युद्धातील पराक्रमाबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले. ७ डिसेंबरला ही पलटण हेलिकॉप्टरने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील सिल्हेटजवळ उतरवण्यात आली. शत्रूच्या मुलखात अशा रीतीने सैन्य उतरवण्याची भारतीय लष्कराची ही पहिलीच वेळ. सिल्हेटमध्ये एक अख्खी गोरखा ब्रिगेड उतरल्याची बातमी बीबीसीने दिली. उतरली होती एक बटालियन, तीही अपुऱ्या संख्येची. पण रेडिओ शत्रूही ऐकतच होता. हरोलीकरांच्या जवानांनी मोर्चे लांबवर पसरून ब्रिगेडचे सोंग शेवटपर्यंत वठवले आणि कित्येक पटींनी मोठी शिबंदी अखेर शरण आली.

सुरुंगावर पाय पडला तो शरणागतीनंतर. एका स्थानिक बंगाली माणसाने त्यांना उचलून तळावर आणले. तिथे शल्यचिकित्सेची सोय नव्हती, वेदनाशामकाचे औषधही शिल्लक नव्हते. लोंबकळणारा पाय कापून टाक, असे त्यांनी आपल्या गोरखा सहायकाला सांगितले. त्याचा हात धजावला नाही. मग खुकरी मागून घेऊन त्यांनी स्वतःच तो तोडला आणि नेऊन पुरायला सांगितला. पुढची शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी झालेल्या मेजर मोहम्मद बशीर या पाकिस्तानी शल्यचिकित्सकाने. शत्रूच्या डॉक्टरकडून उपचार घ्यायला कार्डोझो आधी तयार नव्हते. हरोलीकरांनी त्यांचे मन वळवले. त्या डॉक्टरचे आभार मानायचे राहून गेले, ही चुटपुट कार्डोझो यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली आहे. त्यांचा मोठेपणा खुकरीइतकाच या चुटपुटीतही आहे.

खरी लांबलचक लढाई त्यानंतरची. लाकडी पायाच्या अधिकाऱ्याला कार्यालयातली खुर्ची देता येते, लढाऊ पलटण नाही, असा तेव्हाचा रिवाज होता. कार्डोझो शारीरिक चाचणीला उतरले आणि धडधाकट अधिकाऱ्यांना मागे टाकून धावले. लष्करप्रमुख जनरल रैना यांच्यासमोर लडाखच्या बर्फात डोंगर चढून दाखवला, तेव्हा कुठे फाइल हलली. पायदळाच्या बटालियनचे आणि पुढे ब्रिगेडचे नेतृत्व मिळालेले ते भारतीय लष्करातील पहिले युद्धविकलांग अधिकारी. त्यांच्यामुळे मागून येणाऱ्या जखमी अधिकाऱ्यांची वाट मोकळी झाली, आणि हे एखाद्या पदकाहून मोठे काम आहे. १९९३ साली ते निवृत्त झाले. पुढे भारतीय पुनर्वास परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले आणि कृत्रिम पाय लावून मुंबई मॅरेथॉनमध्येही ते धावले.

लेखणी हाती घेतली ती मात्र इतरांसाठी. ‘परमवीर’ हे पुस्तक २००३ सालचे. परमवीर चक्राच्या मानकऱ्यांच्या कथा त्यात आहेत. राजौरीच्या वाटेवर रणगाड्यांसाठी सुरुंग काढत जाणारे, बॉम्बे सॅपर्सचे कारवारकडील रामा राघोबा राणे हे त्यांपैकी एक. पुण्यात शिकलेले आणि १९६५ च्या रणगाडायुद्धात प्राण दिलेले अर्देशीर तारापोर दुसरे. २००६ साली ‘आयएनएस खुकरी’वरचे पुस्तक आले. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाणबुडीच्या माऱ्याने बुडालेल्या या युद्धनौकेबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. पायदळाच्या माणसाने नौदलाच्या पराभवावर लिहावे आणि तेही वाचलेल्यांच्या तोंडून, हे धाडसाचे होते. विजयाच्या कथा सांगायला पुष्कळ जण असतात. बुडालेल्या जहाजावरून वाचलेल्या खलाशाला विचारायला कोण जातो? कार्डोझो गेले, म्हणून त्यांच्या पुस्तकांत हे पुस्तक सर्वांत मोलाचे वाटते.

१९७१ च्या युद्धकथांचा संग्रह २०२१ मध्ये निघाला. स्वतःची कहाणी, ‘कार्तूस साब’, त्यानंतर आली, वयाच्या पंचाऐंशीच्या सुमारास. हा क्रम बोलका आहे. शाळा-महाविद्यालयांपासून लष्करी संस्थांपर्यंत त्यांनी व्याख्याने दिली. श्रोत्यांना पायाची गोष्ट हवी असते, ती ते सांगतात; पण लगेच सिल्हेटच्या सोबत्यांकडे वळतात आणि आपण उरलो, ते उरले नाहीत, याचा हिशेब मांडतात.

१९७१ लढलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गावागावांत असे माजी सैनिक अजून भेटतील. त्यांच्याजवळ बसा आणि ते सांगतात ते लिहून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.