फायबर पंचायतीपर्यंत आलं, शिवारात कोण नेणार?

भुसावळच्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात जाऊन विचारा, "घरचं वायफाय मळ्यापर्यंत न्यायचंय." उत्तर ठरलेलं असतं, "बूस्टर घ्या भाऊ." भाऊ घेतो, घरी लावतो. मळ्यात मात्र फोनवर तेच गोल चक्र फिरत राहतं.

आधी हे का होतं ते समजून घेऊ. वायफाय म्हणजे दोघांचं बोलणं. राऊटर कितीही मोठ्याने ओरडला तरी तुमच्या फोनचं उत्तर त्याला ऐकू गेलं पाहिजे, आणि फोनचा आवाज बारीक. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून स्पीड निम्मा होतो. त्यात आपल्याकडे मध्ये केळीचा बाग. पाण्याने भरलेली पानं सिग्नल पिऊन टाकतात.

मग लांब जाताच येत नाही का? येतं की. व्हेनेझुएलात २००७ मध्ये दोन डोंगरांच्या मध्ये वायफायची लिंक ३८२ किलोमीटर नेऊन दाखवली आहे. आपल्याला तर गावातून शिवारात, फार तर दोन किलोमीटर जायचंय. त्याला बूस्टर नको. घराच्या गच्चीवर एक आणि मळ्यातल्या पाईपवर एक असे एकमेकांकडे तोंड केलेले दोन बाहेरचे रेडिओ लागतात. बल्बचा उजेड चारी बाजूंना सांडतो, बॅटरीचा एकाच दिशेला लांब जातो. तसंच हे.

पण नुसतं "समोर दिसतंय" एवढ्याने भागत नाही. ५.८ गिगाहर्ट्झवर दोन किलोमीटरच्या लिंकला मधोमध सुमारे पाच मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, त्यातली निदान तीन मीटर तरी रिकामी हवी. म्हणजे बागेच्या शेंड्यावर आणखी तीन मीटर. हिशोब केला तर दोन्ही टोकांना वीस फुटांच्या आसपास उंची झाली. रेडिओला वीज साधारण दहा वॅट, लोडशेडिंगमध्ये छोटं सोलर पॅनल आणि बॅटरी त्याला पुरते. फक्त अर्थिंग विसरू नका, पावसाळ्यात वीज पाईपच शोधते.

कायदाही आडवा येत नाही. २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ पासून लायसनमुक्त आहे, तर ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेर वापरायलाही मोकळा झाला. ताकदीची मर्यादा आहे, ती पाळायची. मोबाईल टॉवरचा सिग्नल वाढवणारं यंत्र मात्र परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे. दुकानदार दोन्हीला "बूस्टर"च म्हणतो, तेव्हा घेताना विचारून घ्या.

इथपर्यंत झालं ज्याच्या घरी फायबर आहे त्याचं. माझा खरा मुद्दा पुढे आहे.

ज्याला आज आपण भारतनेट म्हणतो त्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १ लाख ३९ हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर झाली. पण फायबर जातं ग्रामपंचायतीपर्यंत. तिथून वस्ती, शिवार, यावल-रावेरच्या सातपुड्यातले पाडे, हा शेवटचा तुकडा कोणाचा? पंचायत म्हणते कंपनीचा, कंपनी म्हणते गिऱ्हाईक कमी आहे. आणि पाड्यावरचं पोर नेटवर्कसाठी टेकडी चढतं.

उपाय आपल्याच राज्यात करून बघितलेला आहे. आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या पाड्यांपर्यंत टीव्हीच्या मोकळ्या लहरींवरून इंटरनेट नेलं. २०१७ मध्ये त्यांना मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. पालघरला जमतं, तर तापीकाठी का जमू नये? आपल्याकडे गावोगाव पाण्याची उंच टाकी उभी आहे. ती पंचायतीची आहे, गावात सगळ्यात उंच आहे. टॉवर आणखी वेगळा कुठून आणायचा?

वाटपासाठीही रस्ता आहे. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. किराणा दुकानदार किंवा चहावाला लायसन, नोंदणी, फी यातलं काही न भरता वायफाय विकू शकतो. जून २०२५ मध्ये ट्रायने आणखी एक अडचण काढली. २०० एमबीपीएसपर्यंतचं कनेक्शन अशा दुकानदाराला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा महाग देता येत नाही.

याच वाटेने जा, असं मी मुद्दाम सांगतोय. घरचा पासवर्ड शेजाऱ्याला विकणं कंपनीच्या अटींत बसत नाही, आणि ते धोक्याचंही आहे. २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका रहिवाशाच्या वायफायवरून गेला होता. त्याचा संबंध नसताना पोलिस आधी त्याच्याच दारात आले. पीएम-वाणीत निदान कोण वापरतंय त्याची नोंद राहते.

कोणी म्हणेल, फाईव्ह-जी आलंय, आता हे कशाला? भाऊ, विहिरीवरचा कॅमेरा चोवीस तास सुरू ठेवला तर सिमचा डेटा किती दिवस पुरेल? आणि डोंगराआडच्या पाड्याला टॉवर दिसतच नाही, तिथे 'फाईव्ह' असो की 'सिक्स', काय फरक पडतो?

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारा. पंचायतीतली भारतनेटची पेटी सुरू आहे का? नसेल तर शेवटची तक्रार कधी नोंदवली? आणि टाकीवर रेडिओ लावायचा ठराव घेणार का? उत्तरं तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या. आणि मलाही कळवा. गावागावाची उत्तरं इथेच एकत्र मांडू.